'क्विक' शब्दाचें कुळ आणि अर्थ

इंग्रजी भाषेंत त्वरा दाखविणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु आमच्या शाळेंतील मुलांच्या तोंडीं सर्वांत आधीं जो बसतो तो 'क्विक' हा होय. कवाइतीच्या मैदानावर 'क्विक मार्च' असा हुकूम होतो, वर्गांत 'बी क्विक' अशी ताकीद मिळते, आणि प्रगतिपुस्तकांत एखाद्या भाग्यवान मुलाच्या नांवापुढें 'क्विक' असा शेरा पडला म्हणजे त्याचे आईबाप तो शेजाऱ्यांस कौतुकानें दाखवितात. इतका ओळखीचा हा शब्द, कीं त्याचा अर्थ कोश उघडून पाहावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु ज्या शब्दाचा अर्थ आपणांस पक्का ठाऊक आहे अशी आपली खात्री असते, तोच शब्द पुष्कळदां आपणांस फसवितो.

हाच शब्द प्रार्थनामंदिरांतही ऐकूं येतो. १६६२ सालच्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकांत प्रेषितांचा जो मतांगीकार आहे, त्यांत ख्रिस्त पुनः येऊन कोणाचा न्याय करील हें सांगतांना दोन वर्ग सांगितले आहेत: एक 'क्विक' आणि दुसरा 'डेड'. 'डेड' म्हणजे मेलेले हें मुलांस कळतें. मग 'क्विक' कोण? चपळ लोक? मेलेल्यांबरोबर न्यायासनासमोर उभे राहावयाचे ते केवळ जलद चालणारेच काय? आणि मग हळू चालणाऱ्यांची वाट काय? वर्गांत हा प्रश्न आम्हीं टाकला म्हणजे प्रथम शांतता पसरते, आणि मग ज्या मुलांना घरीं मराठी उपासना ऐकण्याची संवय आहे त्यांतील एखादें मूल हळूच म्हणतें, 'जिवंत'. तें खरें आहे. मराठी मतांगीकारांत येथें जिवंत हाच शब्द आहे, आणि इंग्रजी 'क्विक' शब्दाचा मूळ अर्थही तोच. मोटारगाड्या निघाल्या तेव्हां इंग्रजांत या शब्दावर एक विनोद रूढ झाला, कीं आतां रस्त्यानें पायीं चालणारे दोनच प्रकारचे उरले, एक 'क्विक' व दुसरे 'डेड'. विनोद बरा आहे. पण ज्याला शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असतील त्यालाच त्यांतील खोंच कळावयाची.

आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत, तेव्हां शास्त्रांतील उदाहरणें केवळ भाषेच्या दृष्टीनें पाहावीं अशी विनंती आहे. राजा जेम्स याच्या कारकीर्दींत, १६११ सालीं, जें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें त्यांत 'क्विक' हा शब्द जिवंत या अर्थानें अनेक ठिकाणीं आला आहे. गणना या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायांत कोरह व त्याचे सोबती यांनीं मोशेविरुद्ध बंड केल्याची कथा आहे. धरणी दुभंगून हे लोक जिवंतपणींच अधोलोकांत जातील असें मोशे ३० व्या वचनांत म्हणतो. तेथें भाषांतरकारांनीं 'क्विक' हा शब्द घातला. तीनच वचनांनंतर तसें खरोखर घडतें, आणि तेथें मूळ इब्री शब्द तोच असूनही भाषांतरकार 'अलाइव्ह' असें लिहितात. म्हणजे त्या विद्वानांच्या कानास हे दोन्ही शब्द सारखेच होते. एकाऐवजीं दुसरा घातल्यानें अर्थ बदलतो असें त्यांस वाटलें नाहीं. आजचा मुलगा तें ३० वें वचन वाचतो तेव्हां कोरहाची मंडळी घाईघाईनें खालीं उतरली असें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि प्रसंगाची सारी भयंकरता नाहींशी होते.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत देवाच्या वचनाला तरवारीहून तीक्ष्ण म्हटलें आहे, त्या ठिकाणींही १६११ च्या भाषांतरांत 'क्विक' हें विशेषण आहे. देवाचें वचन जलद आहे असा त्याचा अर्थ नाहीं. तें सजीव आहे असा आहे. १८८१ सालीं नव्या कराराचें सुधारलेलें इंग्रजी भाषांतर निघालें, तेव्हां तेथील 'क्विक' काढून 'लिव्हिंग' घालण्यांत आला, कारण तोंवर वाचकांचा घोटाळा होऊं लागला होता. तीच गोष्ट 'क्विकन' या क्रियापदाची. स्तोत्रसंहितेंतील ११९ वें स्तोत्र हें सर्वांत लांब. त्यांत स्तोत्रकर्ता पुनःपुनः देवाला 'मला क्विकन कर' असें विनवितो. मला जिवंत कर, माझ्यांत प्राण घाल, असा तो धांवा आहे. मला घाई करावयास लाव असें कोणीही भक्त देवाजवळ मागणार नाहीं. घाई आपणांपाशीं मुळांतच पुरेशी आहे.

आतां या शब्दाचें कुळ पाहूं. येथें मराठी वाचकास आपलीच एक जुनी वस्तु परक्याच्या घरांत सांपडावी तसा आनंद होईल. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्यास न्यायाधीश असतांना त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला, आणि १७८६ सालीं तेथील एशियाटिक सोसायटींत केलेल्या भाषणांत असें प्रतिपादिलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें साम्य केवळ योगायोगाचें नसून त्या एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती भाषा कदाचित् आतां उरलेली नसावी. त्या जननीचा एकही लेख कोठें सांपडलेला नाहीं. मुलींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ताडावा तशीं तिचीं रूपें ताडावीं लागतात. डेन्मार्कचे रास्क यांनीं १८१८ सालीं व जर्मनीचे याकोब ग्रिम यांनीं १८२२ सालीं या चेहऱ्यांतील फरक नियमबद्ध असतात हें दाखविलें. (हे ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघां भावांपैकीं वडील. ज्या मुलांनीं त्यांच्या गोष्टी वाचल्या आहेत त्यांनीं हेंही लक्षांत ठेवावें, कीं तोच मनुष्य व्याकरणाचे रुक्ष ग्रंथही लिहीत असे.)

त्या नियमांपैकीं एकच येथें पुरे आहे. मूळ भाषेंत जेथें 'ग' होता तेथें इंग्रजीच्या शाखेंत 'क' आला. संस्कृतांत याच 'ग'काराचा पुष्कळ ठिकाणीं 'ज' झाला आहे, म्हणून इंग्रजी 'क' व संस्कृत 'ग' किंवा 'ज' यांच्या जोड्या जमतात. युग म्हणजे जोखड. इंग्रजींत तो शब्द 'योक'. जन म्हणजे लोक, वंश. इंग्रजींत नातलग या अर्थीं 'किन'. जानु म्हणजे गुडघा. इंग्रजींत 'नी', आणि त्याच्या आरंभीं जें मुकें 'के' अक्षर मुलांस उगाच लिहावें लागतें तें त्याच जुन्या 'ज'काराचें भावंड होय. पूर्वीं तें स्पष्ट उच्चारीत असत. ज्ञा धातु व इंग्रजी 'नो', म्हणजे जाणणें, यांची गोष्ट तीच. शब्द पाठ करतांना जें अक्षर केवळ छळ वाटतें तें असें आपल्या घरचें निघतें.

या 'ग'चा एक विशेष प्रकार होता. 'ग' म्हणत असतां ओठांचा चंबू केला म्हणजे जो ध्वनि निघेल तो. या ध्वनीचें निरनिराळ्या मुलींनीं निरनिराळें केलें. संस्कृतानें ओठांचा भाग टाकून 'ग' ठेविला, व कांहीं स्वरांपूर्वीं त्याचाही 'ज' केला. ग्रीकांनीं बहुधा ओठच ठेविले, म्हणून त्यांच्याकडे 'ब' आला. रोमन लोकांकडे 'व' आला. आणि इंग्रजांच्या पूर्वजांकडे 'क्व', ज्यांतील 'व' पुढें कांहीं शब्दांत गळून गेला. गो, ग्रीक 'बूस', इंग्रजी 'काउ'. गम् म्हणजे जाणें, येणें. लॅटिन 'वेनिओ', इंग्रजी 'कम'. वेदकालीन संस्कृतांत स्त्री किंवा पत्नी या अर्थीं जनि शब्द आहे. त्याची इंग्रजी बहीण 'क्वीन'. आरंभीं तिचा अर्थ केवळ स्त्री किंवा पत्नी एवढाच होता, मुकुट मागाहून आला. आणि याच पंक्तींत जीव हा शब्द बसवून पाहावा: ग्रीक 'बिओस', लॅटिन 'विवुस', इंग्रजी 'क्विक'. आपण जीवशास्त्र म्हणतों व इंग्रज 'बायॉलॉजी' म्हणतो, तेव्हां दोघेही नकळत एकाच शब्दाचा उच्चार करीत असतात.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, कीं 'क्विक' शब्दाच्या अखेरीस जो दुसरा 'क' आहे तो कोठून आला? त्या 'क'विषयीं पंडितांत अजून वाद आहे. नात्याविषयीं मात्र वाद नाहीं. चवथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें गॉथ लोकांसाठीं त्यांच्या भाषेंत शास्त्राचें भाषांतर केलें. गॉथिक भाषा आज कोणी बोलत नाहीं. तिच्याविषयीं आपणांस जें कांहीं ठाऊक आहे तें बहुतेक त्या भाषांतराच्या उरलेल्या पानांवरूनच. त्या भाषेंत जिवंत या अर्थाचा शब्द 'क्विउस' असा आहे, आणि त्यांत तो अखेरचा 'क' नाहींच. 'जीवः' व 'क्विउस' हे शब्द एकाखालीं एक लिहून पाहिले असतां कुळाची साक्ष काढावयास दुसरीकडे जावें लागत नाहीं.

येथवर शब्दाचें कुळ झालें. पण जिवंत या अर्थाचा शब्द जलद या अर्थाचा कसा झाला हा खरा प्रश्न आहे. आमच्या मतें या शब्दाची सर्वांत मनोरंजक गोष्ट हीच. जीव डोळ्यांनीं दिसत नाहीं. दिसते ती हालचाल. अंगणांत पाखरूं निपचित पडलेलें असतें. मूल काडीनें त्यास हळूच स्पर्श करतें, आणि तें हललें कीं आनंदानें ओरडतें, 'जिवंत आहे!' मातेच्या उदरांत बालक प्रथम हालतें त्या क्षणास इंग्रजींत 'क्विकनिंग' असें नांव आहे, आणि इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत त्या क्षणाला महत्त्व होतें. जें हालतें तें जिवंत. जें अधिक हालतें तें अधिक जिवंत. आणि जें फार जलद हालतें त्यांत जीव ओतप्रोत आहे असें मनुष्याच्या मनानें ठरविलें. हा उतार इतका सहज आहे कीं पाय कोठें घसरला तें बोलणाऱ्यांस कळलेंही नाहीं. चवदाव्या शतकांत चॉसर कवीनें आपल्या यात्रेकरूंत ऑक्सफर्डचा एक गरीब विद्यार्थी वर्णिला आहे. त्याचें बोलणें थोडें पण 'क्विक' असे, असें कवि सांगतो. तो भरभर बोले असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या बोलण्यांत जीव असे, असा आहे. तरी त्याच सुमारास जलद हाही अर्थ शेजारीं येऊन बसला होता.

दोन्ही अर्थ एकाच वेळीं बाजारांत चालत होते याचा उत्तम पुरावा शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकांत सांपडतो. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें तें मराठींत आणिलें. त्याच्या पांचव्या अंकांत कबर खणणारा मनुष्य व राजपुत्र यांची शाब्दिक चकमक आहे. कबर मेलेल्यांसाठीं, 'क्विक' लोकांसाठीं नव्हे, असें राजपुत्र म्हणतो, म्हणजे जिवंतांसाठीं नव्हे. खणणारा मोठा बेरकी. तो तोच शब्द उचलून चपळ या अर्थानें परत फेंकतो. हा सारा खेळ इंग्रजी शब्दाच्या दोन पोटांवर चालला आहे, आणि परीक्षेसाठीं टीपा पाठ करणारा विद्यार्थी नेमका तेथेंच हंसावयाचें विसरतो.

जीव आणि गति यांचें हें लग्न केवळ इंग्रजांनींच लाविलें असें मात्र नाहीं. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाचे चाकर गरार खोऱ्यांत खणूं लागले तेव्हां त्यांस झऱ्याची विहीर लागली. मूळ इब्री भाषेंत तेथें 'जिवंत पाणी' असे शब्द आहेत. लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांतही तेच शब्द येतात, व तेथें इंग्रजी भाषांतरकारांनीं 'वाहतें पाणी' असा अर्थ केला. साचलेलें तें मेलेलें, वाहतें तें जिवंत. योहानाच्या चौथ्या अध्यायांत शोमरोनी स्त्रीला येशू जिवंत पाण्याविषयीं सांगतो, तेव्हां तिला प्रथम वाहतें पाणीच वाटलें यांत तिचा कांहींच दोष नाहीं. तिच्या भाषेंत तो रोजचाच शब्द होता. आमच्याकडे विहीर खणणारा गवंडी तळाशीं पाझर लागला म्हणजे 'जिवंत झरा लागला' असें म्हणतो. त्यानें इब्री शिकलेली नसते.

जुना अर्थ बोलण्यांतून गेला तरी जोडशब्दांच्या कोपऱ्यांत तो दडून राहिला आहे. पारा घ्या. इंग्रजींत त्यास 'क्विकसिल्व्हर' म्हणतात, म्हणजे जिवंत रुपें. हें लॅटिन नांवाचेंच शब्दशः रूप आहे. धातु असून तो शून्य अंशाखालीं सुमारें ३९ सेंटिग्रेड अंशांपर्यंत गोठत नाहीं, पाण्याच्या साडेतेरापट जड असून बशींत टाकला तर त्याचे मणी भिऊन पळाल्यासारखे धांवतात. जुन्या काळच्या माणसाला तो जिवंत वाटला यांत नवल नाहीं. संस्कृतांत अमरकोशानें पाऱ्याचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत एक 'चपल' असें आहे. रोमन लोकांनीं त्यांत जीव पाहिला, आपल्यांनीं चापल्य पाहिलें. आणि इंग्रजांचा एक शब्द या दोन्ही टोकांना पोंचला. पारा फार विषारी असतो, म्हणून तापमापक फुटल्यावर त्याचे मणी बोटांनीं गोळा करण्याचा मोह मुलांनीं आवरावा.

'क्विकलाइम' म्हणजे आपला कळीचा चुना. चुनखडी भट्टींत भाजून, किंवा कोंकणांत शिंपल्या भाजून, जो होतो तो. दिसावयास मुकाट पांढरे खडे. पण त्यांवर पाणी पडतांच ते फुसफुसतात, फुलतात, वाफ सोडतात आणि हात भाजतील इतके तापतात. कॅल्शियमचा हा भस्मरूप पदार्थ पाण्याशीं संयोग पावतो आणि त्यांत उष्णता बाहेर पडते असें रसायनशास्त्र सांगतें. रोमन गवंड्यानें मात्र त्यास जिवंत चुना म्हटलें. येथें गतीचा संबंध फारसा नाहींच, आणि म्हणून जो 'क्विकलाइम' म्हणजे लवकर होणारा चुना असें समजेल तो सपशेल चुकेल. 'क्विकसँड' म्हणजे पायाखालीं हालणारी, माणसास रुतविणारी वाळू. कणांच्या फटींत पाणी भरून ते एकमेकांस धरीनासे होतात, व जमीन जिवंत असल्यासारखी वागते. 'क्विकसेट' म्हणजे जिवंत झाडांचें कुंपण. आमचा शेतकरी बांधावर निवडुंग किंवा एरंडाच्या फांद्या लावितो तसेंच तें. फांदी लागली म्हणजे तो म्हणतो, 'हिनें जीव धरला.'

आणि नख! बोटाच्या नखाखालीं जें कोंवळें, दुखरें, जिवंत मांस असतें त्याला इंग्रजींत नुसतेंच 'द क्विक' म्हणतात. त्यावरूनच एखादा कठोर शब्द लागला तर तो 'क्विकपर्यंत कापीत गेला' असें इंग्रज म्हणतो. मराठींत आपण काय म्हणतों? शब्द जिव्हारीं लागला. जिव्हार म्हणजे मर्मस्थान, जीव जेथें असतो तें. जिव्हाळाही त्याच घरचा. दोन भाषांनीं एकमेकींस न विचारतां एकाच जागेवर बोट ठेविलें आहे, आणि दोघींच्याही बोटांत तोच प्राचीन शब्द आहे. भाषांतराच्या तासाला याहून सरस जोडी आम्हांस मिळालेली नाहीं.

त्वरेच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दांची तपासणी केली तरी असेंच आढळतें, कीं त्यांच्या मुळाशीं घाई नाहीं. 'स्पीड' म्हणजे मूळ यश, भरभराट. वाढणें या अर्थाचा संस्कृत स्फाय् धातु त्याचा आप्त समजला जातो. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायांत अब्राहामाचा चाकर विहिरीपाशीं उंट बसवून प्रार्थना करतो व देवाजवळ 'गुड स्पीड' मागतो. त्याला उंट वेगानें पळवावयाचे नव्हते, धन्याच्या मुलासाठीं योग्य वधू मिळावी म्हणून कार्यांत यश हवें होतें. घाई जितकी जास्त तितकी 'स्पीड' कमी, अशी जी इंग्रजी म्हण आहे ती आजच्या अर्थानें विचित्र वाटते; 'यश' हा शब्द घालून पाहिला म्हणजे ती सरळ होते. 'फास्ट' म्हणजे मूळ घट्ट, पक्कें. पक्क्या रंगाला इंग्रज अजून 'फास्ट' म्हणतो, आणि उपासालाही, कारण तो नेम घट्ट धरावयाचा असतो. घट्टपणापासून जोर, जोरापासून वेग. आपणही 'तो जोरांत धांवला' असें म्हणतों तेव्हां बळाच्या शब्दानें वेगच सांगतों. मराठींतील जलद हा शब्द फारसींतून आला आहे. संस्कृत जलद म्हणजे ढग, त्याच्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं, मग निबंधांत कितीही मुलांनीं तसा लाविलेला असो.

आतां प्रगतिपुस्तकांतील त्या शेऱ्याकडे वळतों. 'आमचा मुलगा क्विक नाहीं हो' अशी तक्रार घेऊन पालक आम्हांकडे वारंवार येतात. त्यांच्या मनांतील अर्थ असा, कीं शेजारच्या मुलाचें उदाहरण पांच मिनिटांत सुटतें, याला पंधरा लागतात. हाताची त्वरा तुच्छ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परीक्षेला तीन तासांची मर्यादा असते, आणि ती कोणाच्या व्युत्पत्तीसाठीं थांबत नाहीं. परंतु वीसएक वर्षें वर्गांत उभें राहून आम्हांस दोन प्रकारचीं मुलें दिसलीं आहेत. कांहींचें उत्तर प्रश्न संपण्यापूर्वीं येतें, आणि चार दिवसांनीं प्रश्नही आठवत नाहीं. दुसरीं मुलें त्या दिवशीं गप्प असतात. मग पुढच्या आठवड्यांत एखादें वाटेंत गांठून विचारतें, 'गुरुजी, चंद्र जर पडतच असतो तर तो खालीं येत कां नाहीं?' त्याच्यांत धड्यानें जीव धरला. जुन्या इंग्रजाला विचारलें असतें तर त्यानें 'क्विक' हा शेरा कोणाच्या नांवापुढें लिहिला असता, हें पालकांनींच ठरवावें. असाच एक मुलगा आमच्या वर्गांत होता. तो मंद आहे असें ठरवून त्याच्या वडिलांनीं त्यास आठवींतून काढलें व दुकानांत बसविलें. आम्ही दोनदां त्यांच्या घरीं गेलों, बोलणें केलें. त्यांनीं आमचें म्हणणें आदरानें ऐकून घेतलें, परंतु आपला विचार बदलला नाहीं.

इंग्रजींत हा जुना अर्थ आतां मावळत चालला आहे. त्याची जागा 'अलाइव्ह' या शब्दानें घेतली, आणि तो तरी मूळचा विशेषण कोठें आहे? 'जीवनावर', 'जीवनांत' अशा दोन शब्दांचा तो गोळा झालेला आहे. १८८१ च्या सुधारकांनीं मतांगीकारांतील ती जोडी शास्त्रांत तशीच राहूं दिली होती. १९४६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या नव्या करारांत तेथेंही 'लिव्हिंग' आला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अनेक मंडळ्यांनीं आपल्या प्रार्थनापुस्तकांत तोच बदल केला. इतर बहिणींनीं आपापला वाटा वेगळा ठेविला आहे. डच भाषेंत 'क्विक' म्हणजे नुसता पारा. जर्मनांकडे याच शब्दाचें 'केक' असें रूप झालें असून त्याचा अर्थ धीट, थोडासा आगाऊ. फक्त दूर उत्तरेस, आइसलंडच्या भाषेंत, जिवंत हा अर्थ अजून वापरांत आहे. तेथील लोक परभाषेचे शब्द सहसा घेत नाहींत. सिनेमा आला तेव्हां त्यांनीं त्याचें नांव 'क्विकमिंद' असें ठेविलें. 'मिंद' म्हणजे चित्र. आपणही त्याच सुमारास चलच्चित्र असा शब्द बनविला होता.